विश्लेषण : मोतीबिंदू थांबेल, पण डोळ्याचा पडदा थांबणार नाही... नेत्रोपचारात नेमके काय बदलले? दिग्रससारख्या गावातल्या रुग्णाला त्याचा उपयोग किती?

‘मोतीबिंदू पिकू द्या, मग करू ऑपरेशन,’ हा सल्ला दिग्रस, दारव्हा, आर्णी, पुसद या पट्ट्यात आजही घराघरांत दिला जातो. मोतीबिंदूपुरता हा सल्ला जुना झाला, तरी थोडे थांबल्याने बहुतेकांची नजर कायमची जात नाही. पण हीच ‘थांबू या’ची सवय काचबिंदू, मधुमेहाने बिघडणारा पडदा किंवा पऱ्हाटीच्या काडीने ओरखडलेले बुबुळ यांना लावली, तर गेलेली नजर परत येत नाही. गेल्या दोन दशकांत नेत्रोपचारात झालेले बहुतेक मोठे बदल याच मुद्द्याभोवती फिरतात. आजार किती लवकर दिसतो आणि उपचार किती लवकर सुरू होतो, यावर आता डोळा वाचणे अवलंबून आहे. हे बदल नेमके कोणते आणि तालुक्याच्या गावातल्या रुग्णाला त्यांचा लाभ कसा घेता येईल, याचा आढावा.

भारतात अंधत्वाचे मुख्य कारण कोणते?

राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणानुसार (२०१५-१९) देशात पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तींमध्ये अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के आहे. या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे आलेले आहे. म्हणजे या वयोगटातील दर तीन अंध व्यक्तींपैकी दोघांची नजर एका शस्त्रक्रियेने परत येऊ शकते.

पन्नाशीच्या आतील चित्र वेगळे आहे. तेथे बुबुळावर पडणारा पांढरा डाग, ज्याला गावाकडे ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतात, तो अंधत्वाच्या कारणांत आघाडीवर आहे. जंतुसंसर्ग आणि डोळ्याला झालेली इजा ही त्यामागची मोठी कारणे. शेतीवर जगणाऱ्या तालुक्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे.

एक जुना शत्रू मात्र मागे पडला. खुपऱ्या, म्हणजे ट्रॅकोमा, हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. त्याची जागा आता मधुमेहासारख्या दीर्घकालीन आजारांनी घेतली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या १०.१ कोटी असल्याचा अंदाज दिला.

मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहावी का?

नाही. ‘पिकणे’ ही कल्पना जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली. तेव्हा गढूळ झालेले भिंग अखंड बाहेर काढावे लागे, मोठा छेद घ्यावा लागे आणि नंतर जाड भिंगाचा चष्मा नशिबी येई. ब्रिटिश डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवले. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे अ‍ॅक्रिलिक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत रुतूनही डोळा ते सहन करतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. १९६७ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो शोषून घेण्याची ‘फेको’ पद्धत आणली.

आज फेकोसाठी तीन मिलिमीटरपेक्षाही लहान छेद पुरतो. घडी केलेले भिंग त्याच छेदातून आत जाऊन उलगडते. त्यामुळे दैनंदिन कामात अडथळा येऊ लागला, की शस्त्रक्रियेचा निर्णय घेता येतो. उलट फार पिकलेला मोतीबिंदू कठीण होतो आणि शस्त्रक्रिया अवघड बनते. काही वेळा तो फुगून किंवा गळून डोळ्यातला दाब वाढवतो आणि दुखणे ओढवते.

‘फेको म्हणजेच चांगले ऑपरेशन, शिबिरातले ते हलके,’ असा एक समज आहे. तो तपासून पाहणारा अभ्यास पुण्यातच झाला. एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० रुग्णांची फेको आणि हाताने केली जाणारी लहान छेदाची, बिनटाक्याची शस्त्रक्रिया (एसआयसीएस) अशा दोन गटांत विभागणी करून तुलना करण्यात आली. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनंतर चष्म्याशिवाय चांगले दिसण्याचे प्रमाण फेको गटात ८१ टक्के, तर दुसऱ्या गटात ७१ टक्के होते. पण योग्य चष्मा दिल्यावर दोन्ही गटांतील ९८.४ टक्के रुग्णांना चांगले दिसू लागले. एसआयसीएसला महागडे यंत्र लागत नाही, कमी वेळात अधिक रुग्ण होतात आणि खूप पिकलेल्या मोतीबिंदूतही ती करता येते. शिबिरातल्या शस्त्रक्रियेनंतर चष्म्याचा नंबर तपासून न घेणे ही मात्र रुग्णांकडून होणारी मोठी चूक ठरते.

भिंगाच्या किमतीचा अडसरही भारतातच दूर झाला. मदुराईतील ऑरोलॅबने १९९२ पासून देशात कृत्रिम भिंगे बनवायला सुरुवात केली आणि त्यांची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचे डॉ. तात्याराव लहाने यांच्या पथकाने वरोऱ्याजवळच्या आनंदवनासारख्या ठिकाणी जाऊन केलेल्या शस्त्रक्रियांमुळे विदर्भातल्या अनेकांपर्यंत हा उपचार पोहोचला.

मधुमेहात डोळ्याचा पडदा कसा बिघडतो?

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, कॅमेऱ्यातल्या सेन्सरसारखे काम करतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसापेक्षाही बारीक असतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. काही गळू लागतात आणि पडद्याला सूज येते. काही बंद पडतात. रक्त न मिळालेला पडदा मग ‘नव्या वाहिन्या हव्यात’ असा रासायनिक संदेश सोडतो. त्या संदेशाने उगवणाऱ्या वाहिन्या इतक्या नाजूक असतात, की त्या फुटून डोळ्यात रक्त साचते किंवा पडदा ओढला जाऊन सुटतो.

यातली धोक्याची गोष्ट अशी, की बराच काळ रुग्णाला काहीच जाणवत नाही. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, वाचताही येते. भारतात झालेल्या आणि २०२२ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी १२.५ टक्के जणांच्या पडद्यावर आजाराच्या खुणा सापडल्या. ४ टक्के जणांमध्ये तर नजर जाण्याइतका आजार वाढलेला होता. म्हणजे शंभर मधुमेहींमागे चौघे उंबरठ्यावर उभे आहेत आणि त्यातल्या अनेकांना ते ठाऊकच नसते.

म्हणूनच टाइप-२ मधुमेहाचे निदान झाले, की लगेच आणि त्यानंतर दरवर्षी पडद्याची तपासणी करावी, असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. अनेकांचा गोंधळ येथेच होतो.

ओसीटी तपासणी म्हणजे काय?

१८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्यात डोकावण्याचे उपकरण शोधले. तेव्हापासून डॉक्टर पडद्याचा पृष्ठभाग पाहू शकत होते. पण पडद्याला अनेक थर असतात आणि आजार बऱ्याचदा थरांच्या आत सुरू होतो. हे थर उभे कापल्यासारखे दाखवणारे तंत्र म्हणजे ओसीटी.

सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी आत पाठवून त्यांचा प्रतिध्वनी टिपतात. ओसीटीत त्याच कामासाठी प्रकाश वापरतात. प्रकाशाचा वेग इतका प्रचंड, की परतीला लागलेला वेळ थेट मोजता येत नाही. म्हणून किरणाचे दोन भाग करतात. एक डोळ्यात जातो, दुसरा यंत्रातल्या आरशावर. दोन्ही परत आले, की त्यांच्या लहरी एकमेकींत कशा मिसळतात यावरून कोणता थर किती खोल आहे ते संगणक काढतो. काही मायक्रॉन जाडीचा फरकही त्यात दिसतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

डोळ्याला स्पर्श नाही, सुई नाही, काही मिनिटांत काम होते. अमेरिकेतील एमआयटीमधील जेम्स फुजिमोतो, डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे तंत्र मांडले. त्यासाठी या तिघांना २०२३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. पडद्याला सूज आहे का, इंजेक्शनने ती उतरली का, काचबिंदूत नसेचे तंतू किती झिजले, या प्रश्नांची उत्तरे आज ओसीटीवरून मिळतात.

फोटो पाहून एआय निदान कसे करते?

पडद्याचा फोटो काढणे सोपे झाले. तो वाचणारा तज्ज्ञ मिळणे मात्र अवघड आहे. नेत्रतज्ज्ञांपैकीही पडद्याचे तज्ज्ञ थोडे आणि तेही बहुतेक मोठ्या शहरांत. ही दरी भरण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे एआयचा, वापर सुरू झाला.

यात संगणकाला ‘असा ठिपका दिसला तर आजार समज’ असे नियम शिकवत नाहीत. डॉक्टरांनी आधी तपासून शेरा दिलेले हजारो फोटो त्याला दाखवतात. प्रत्येक फोटोला तो उत्तर देतो, चुकला की आतली आकडेमोड थोडी बदलली जाते आणि हे लाखो वेळा घडते. गूगलच्या पथकाने अशा १ लाख २८ हजारांहून अधिक फोटोंवर शिकवलेली प्रणाली २०१६ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात मांडली. त्या कामात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचा सहभाग होता. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरच्या मदतीशिवाय निकाल देणाऱ्या पहिल्या एआय प्रणालीला मान्यता दिली. ती मधुमेहाने होणाऱ्या पडद्याच्या आजारासाठीच होती.

महाराष्ट्रातला अनुभव अधिक जवळचा आहे. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हाती स्मार्टफोनवर बसवलेला कॅमेरा देण्यात आला. फोटोचे विश्लेषण फोनमध्येच होत होते, इंटरनेटची गरज नव्हती. २०१९ मध्ये ‘जामा ऑफ्थल्मॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २१३ मधुमेहींचे निकाल तज्ज्ञांच्या निदानाशी ताडून पाहण्यात आले. पुढे पाठवण्याइतका आजार असलेला एकही रुग्ण एआयच्या नजरेतून सुटला नाही. तसा आजार नसलेल्यांपैकी ८८.४ टक्के जणांना त्याने बरोबर ओळखले. म्हणजे अशा शंभरातल्या बारा जणांना विनाकारण मोठ्या डॉक्टरकडे जावे लागले असते. चाळणी तपासणीत हा सौदा परवडणारा मानला जातो. कारण आजारी माणूस सुटणे हे निरोगी माणसाला एक खेप पडण्यापेक्षा कितीतरी महाग पडते. अर्थात अभ्यास लहान होता, हेही लक्षात ठेवायला हवे.

मग दवाखान्यात एआय बसवले की काम झाले?

तसे नाही. थायलंडमधील दवाखान्यांत गूगलची प्रणाली प्रत्यक्ष वापरली तेव्हा पहिल्या सहा महिन्यांतील १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो यंत्राने ‘वाचण्यायोग्य नाहीत’ म्हणून नाकारले. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, फोटो धूसर येत होते. इंटरनेट मंद असल्याने रुग्णांना ताटकळावे लागत होते. प्रयोगशाळेत हुशार ठरलेले यंत्र गर्दीच्या दवाखान्यात अडखळते, हा त्यातला धडा. वीज आणि नेटवर्क दोन्ही लपंडाव खेळतात त्या भागात फोनमध्येच चालणारी प्रणाली अधिक कामाची ठरते, ती यामुळेच.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. एआयने ‘पुढे पाठवा’ असे सांगितले, तर पुढे म्हणजे कुठे? दिग्रसपासून यवतमाळ सुमारे ७० किलोमीटर आणि नागपूर २०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. सोयाबीन काढणी किंवा कापूस वेचणीच्या हंगामात एक दिवस जाणे म्हणजे रुग्णाची आणि सोबत जाणाऱ्याची अशी दोन माणसांची मजुरी बुडणे. तपासणीत आजार सापडला आणि उपचार मिळाला नाही, तर यंत्राचा उपयोग शून्य. म्हणून ‘किती जणांची तपासणी झाली’ या आकड्यापेक्षा ‘त्यातले किती जण उपचारापर्यंत पोहोचले’ हा आकडा विचारायला हवा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलने आपली प्रणाली भारतातील फोरस हेल्थ आणि ऑरोलॅब यांना आणि थायलंडमधील एका कंपनीला देण्याचे जाहीर केले. दहा वर्षांत ६० लाख मोफत तपासण्या करण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. त्याचे यशही याच कसोटीवर ठरेल.

डोळ्यात इंजेक्शन का देतात?

‘डोळ्यात सुई’ म्हटले, की रुग्ण घाबरतो आणि उपचार टाळतो. प्रत्यक्षात डोळा बधिर करणारे थेंब टाकून बुबुळाच्या बाजूच्या पांढऱ्या भागातून अत्यंत बारीक सुईने औषध आत सोडतात. काही सेकंदांचे काम असते.

रक्त न मिळालेला पडदा जो रासायनिक संदेश सोडतो, त्याचे नाव व्हीईजीएफ. हे प्रथिन रोखले, की वाहिन्यांची गळती थांबते आणि सूज उतरते. या गटातील बेव्हॅसिझुमॅब हे औषध मुळात मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी २००४ मध्ये आले. २००५ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी त्याचा अगदी लहान डोस डोळ्यात देऊन पाहिला आणि परिणाम दिसला. २००६ मध्ये खास डोळ्यासाठी बनवलेले रॅनिबिझुमॅब बाजारात आले, पण ते कित्येक पट महाग होते. उतारवयात पडद्याचा मध्यभाग खराब होण्याच्या आजारात ही दोन्ही औषधे जवळपास सारखीच काम करतात, असे २०११ मध्ये अमेरिकेतील मोठ्या तुलनात्मक चाचणीत दिसून आले.

भारताने येथेही वाट काढली. २०१५ मध्ये अहमदाबादच्या इंटास कंपनीने रॅनिबिझुमॅबची जगातील पहिली ‘बायोसिमिलर’, म्हणजे मूळ औषधाशी जुळणारी स्वस्त आवृत्ती आणली. अलीकडे आलेल्या फॅरिसिमॅबसारख्या औषधांचा भर दोन इंजेक्शनांमधले अंतर वाढवण्यावर आहे. ग्रामीण रुग्णासाठी हे अंतर महत्त्वाचे. सुरुवातीला बहुधा दर महिन्याला एक याप्रमाणे अनेक इंजेक्शने लागतात. दोन घेतली, बरे वाटले आणि तिसऱ्याला गेलेच नाही, असे झाले तर सूज परत येते. सुरू करण्यापूर्वीच ‘एकूण किती लागतील, खर्च किती, कोणत्या तारखांना यायचे’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे. फेऱ्या जमणार नसतील तर तेही सांगावे. काही रुग्णांत लेझर हा जुना पण टिकाऊ उपचार अधिक सोयीचा ठरतो.

काचबिंदूवर थेंबांऐवजी लेझर?

काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. बहुतेकांत डोळ्यातला वाढलेला दाब त्याला कारणीभूत असतो. बाजूची नजर आधी जाते, समोरचे शेवटपर्यंत दिसत राहते. त्यामुळे रस्ता ओलांडताना बाजूने येणारी गाडी दिसली नाही, दाराची चौकट लागली, इथपर्यंत आजार लक्षात येत नाही. मेलेली नस पुन्हा जिवंत करणारा उपचार आज जगात कुठेही नाही. आहे ती नजर राखणे एवढेच हाती असते.

आतापर्यंतचा पहिला उपचार म्हणजे आयुष्यभर रोज थेंब टाकणे. खर्च, विसर आणि ‘काही फरकच वाटत नाही’ ही भावना यामुळे थेंब मध्येच सुटतात. ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेल्या ‘लाइट’ या चाचणीत थेंबांऐवजी सुरुवातीलाच एक सौम्य लेझर (एसएलटी) देऊन पाहिला. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार लेझर घेतलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय दाब आटोक्यात ठेवता आला. दूरच्या गावातल्या रुग्णासाठी हा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. मात्र तो प्रत्येक प्रकारच्या काचबिंदूला लागू पडत नाही आणि लेझरनंतरही दाबाची नियमित तपासणी सुटत नाही. आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर तपासणी करून घेणे आवश्यक.

शेतात काम करताना डोळ्याला लागले तर?

दिग्रस तालुक्यासाठी हा कदाचित सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. मळणी यंत्रातून उडणारे सोयाबीनचे कुटार, पऱ्हाटी उपटताना किंवा तुराट्या बांधताना लागलेली काडी, गवताचे कुसळ यांनी बुबुळावर ओरखडा पडतो. त्यातून बुरशी किंवा जिवाणू आत शिरले, की दोन-चार दिवसांत जखम चिघळते आणि मागे राहते ते फूल.

येथे महागड्या यंत्रापेक्षा वेळ मोलाची आहे. नेपाळमधील भक्तपूर येथे गावपातळीवरील स्वयंसेवकांना ओरखडा ओळखून साधे क्लोरॅम्फेनिकॉल मलम तीन दिवस देण्याचे प्रशिक्षण दिले होते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४४२ जणांच्या बुबुळावर ओरखडे आढळले. १८ तासांच्या आत आलेल्या २८४ पैकी एकाचीही जखम चिघळली नाही. १८ ते २४ तासांत आलेल्या १०९ पैकी चौघांची चिघळली. २४ ते ४८ तासांत आलेल्या ४९ पैकी मात्र १४ जणांची चिघळली. एका दिवसाच्या उशिराची किंमत याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

जखम चिघळलीच, तर खरवडून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहून बुरशी की जिवाणू हे ठरवता येते. बुरशीवर नवे आणि महाग औषध चांगले, की जुने? दक्षिण भारतात अरविंद नेत्र रुग्णालयात ३२३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नॅटामायसिन हे जुने औषध नव्या व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरले.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेले स्टिरॉइडयुक्त थेंब. त्याने लाली कमी होते, बरे वाटते आणि आत बुरशी मोकाट वाढते. दूध, मध, झाडपाल्याचा रस हेही डोळ्यात टाकू नये.

फवारणीचा धोका वेगळा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजुरांचे मृत्यू झाले. तेव्हा डोळ्यांच्या तक्रारी घेऊनही रुग्ण दवाखान्यात आले होते. औषध डोळ्यात उडाले, तर आधी तिथेच किमान १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याच्या धारेने डोळा धुवावा आणि मगच दवाखान्याकडे निघावे. मळणी आणि फवारणीच्या वेळी साधा संरक्षक चष्मा वापरला, तरी यातल्या बऱ्याच इजा टळतात.

फूल पडलेल्या बुबुळावर प्रत्यारोपण हा उपाय आहे. आता अनेक रुग्णांत संपूर्ण बुबुळ न बदलता फक्त खराब थर बदलता येतो. पण त्यासाठी नेत्रदान हवे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पंखा बंद ठेवणे, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवणे आणि डोके थोडे उंच ठेवणे, एवढे घरच्यांनी करायचे असते.

कमी दिवसांच्या बाळाचे डोळे का तपासायचे?

वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या पडद्यातील रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. जन्मानंतर त्या वेड्यावाकड्या वाढल्या, तर काही आठवड्यांत पडदा सुटून बाळ कायमचे अंध होऊ शकते. बाहेरून डोळा अगदी निरोगी दिसतो. भारतात ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत करावी, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. फारच लहान बाळांची त्याहून आधी.

कर्नाटकात २००८ पासून प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयांत जातात, बाळाच्या पडद्याचे फोटो काढतात आणि तज्ज्ञ दूरवरून निदान करतात. उपचार लेझर किंवा इंजेक्शनने होतो. नवजात शिशू कक्षातून सुटी होताना ‘डोळ्यांची तपासणी कधी?’ हा एक प्रश्न पालकांनी आणि आशा सेविकांनी विचारलाच पाहिजे.

मुलांचे वाढते नंबर आणि चाळिशीचा चष्मा

मुलांमध्ये दूरचे कमी दिसण्याचा नंबर वाढतो आहे. जवळून सतत पाहणे आणि उन्हात, मोकळ्यावर कमी वेळ घालवणे यांचा त्याच्याशी संबंध आढळतो. रोज दोन तास बाहेर खेळणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. नंबर झपाट्याने वाढत असेल, तर अ‍ॅट्रोपिनचे अत्यंत सौम्य थेंब ती गती कमी करू शकतात. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.

चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसते, त्याला तर आजारही म्हणता येणार नाही. पण त्याचा फटका कमाईला बसतो. आसाममधील चहामळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ जवळचा चष्मा दिल्याने पाने खुडण्याचे काम २१.७ टक्क्यांनी अधिक वाढले. कापूस वेचणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या बायांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

गेलेली नजर परत आणणारे उपचार आले का?

सुरुवात झाली आहे. एका विशिष्ट जनुकातील दोषामुळे येणाऱ्या दुर्मीळ अंधत्वावर अमेरिकेने डिसेंबर २०१७ मध्ये जनुकीय उपचाराला मान्यता दिली. दोन्ही डोळ्यांसाठी त्याची किंमत साडेआठ लाख डॉलर होती. उतारवयात पडद्याचा मध्यभाग झिजलेल्या रुग्णांसाठी पडद्याखाली बसवायची सूक्ष्म चिपही तयार झाली आहे. कॅमेरा लावलेला चष्मा तिला चित्र पाठवतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षभर पाहणी झालेल्या ३२ पैकी २६ जणांच्या दृष्टीत लक्षणीय सुधारणा दिसली. मात्र हे उपचार मोजक्या आजारांपुरते आणि मोजक्या रुग्णांपुरते आहेत. ‘अमुक थेंबाने चष्मा जाईल, मोतीबिंदू विरघळेल’ अशा मोबाइलवर फिरणाऱ्या जाहिरातींशी त्यांचा काही संबंध नाही. मोतीबिंदू विरघळवणारे सिद्ध झालेले औषध आजही उपलब्ध नाही.

दिग्रस परिसरातील रुग्णाने काय करावे?

पहिला टप्पा जवळचे आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. तेथे नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी असतात, हे आधी विचारून घ्यावे. पुढच्या तपासणीसाठी यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे पर्याय आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत शासकीय रुग्णालयांत मोफत होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डोळ्यांचे कोणते उपचार, कोणत्या रुग्णालयात मिळतात, हे तेथील आरोग्यमित्र सांगू शकतात.

किती घाई करायची, याचा हिशेब असा :

– त्याच दिवशी : डोळ्याला काडी, कुटार किंवा रसायन लागणे, अचानक नजर जाणे, डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखे होणे, विजा चमकणे किंवा एकदम काळे ठिपके दिसणे, डोळा लाल होऊन तीव्र दुखणे, उलटी होणे.

– ३० दिवसांच्या आत : कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे बाळ.

– दरवर्षी : प्रत्येक मधुमेही व्यक्ती, दिसण्याची तक्रार नसली तरी. घरात काचबिंदू असलेल्यांची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने.

– सवडीने, पण टाळू नये : मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर.

तपासणीला जाताना सोबत माणूस न्यावा. पडदा पाहण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात आणि त्यानंतर काही तास धूसर दिसते, गाडी चालवता येत नाही. साखर आणि रक्तदाबाच्या चिठ्ठ्या, चालू असलेली औषधे आणि आधीचे रिपोर्ट जवळ ठेवावेत. आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना दोन गोष्टी नक्की विचाराव्यात : माझ्या पडद्याची तपासणी झाली का आणि पुढची तारीख कोणती?